मंजुळेचा गळा, मैनाराणीचा सूर

वडूज असो, दहिवडी असो की विटा, कॉलेजात एकपात्री अभिनयाच्या स्पर्धेचा कागद फलकावर लागला की 'ती फुलराणी'तलं स्वगत करायचं म्हणून एखादी तरी मुलगी मराठीच्या बाईंकडे येतेच. फुलं विकणारी मंजुळा साळुंके, तिला शुद्ध बोलायला शिकवण्याचा विडा उचललेला प्राध्यापक, आणि त्याच्या जाचाला वैतागून, एकटी असताना त्याची खोड मोडण्याची स्वप्नं रंगवणारी तीच मंजुळा. काही मिनिटांत चीड, नक्कल, रडू, फुशारकी सगळं येऊन जातं आणि टाळ्या हमखास पडतात. खटाव-माणच्या मुलींना या स्वगताची आणखी एक ओढ असते. 'न्हाय', 'व्हय', 'पानी' असं बोललं की पुण्यात वर्गातली मुलं वळून बघतात. तेच बोलणं इथे बक्षीस मिळवून देतं.

ही मंजुळा मराठी रंगभूमीवर पहिल्यांदा उभी केली ती भक्ती बर्वे यांनी. त्यांचा जन्म 10 सप्टेंबर 1948 चा, सांगलीचा. वडूजवरून वाहणारी येरळा पुढे सांगली जिल्ह्यातच ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, म्हणजे एका अर्थाने ही शेजारचीच लेक. ज्यांनी ही भूमिका लिहिली त्या पु. ल. देशपांडे यांचाही सांगलीशी संबंध होता. एम. ए. त्यांनी तिथल्याच विलिंग्डन कॉलेजातून केलं.

'ती फुलराणी' रंगमंचावर आलं 1975 मध्ये. भक्तीताई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या आणि प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते. नाटकाचं मूळ बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये आहे. ते 1913 साली व्हिएन्नात आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये रंगमंचावर आलं. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा आणि तिच्या उच्चारांवरून तिचं कूळ-मूळ ओळखणारा प्रोफेसर हिगिन्स, अशी ती गोष्ट. आपल्या नाटकाचं संगीत नाटक करायला शॉने हयातीत साफ नकार दिला होता. 1950 मध्ये तो गेला आणि 1956 मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' उभं राहिलं. एका मुलुखातली ही गोष्ट दुसऱ्या मुलुखात गेली ती बहुतेक या संगीतिकेच्या आणि 1964 च्या तिच्या चित्रपटाच्या पाठीवर बसूनच.

'ती फुलराणी'त नांदी नाही, ऑर्गन नाही, पदं नाहीत. तरीही तिची नाळ संगीतिकेशी जोडलेली आहे, आणि ती नेमकी त्या स्वगतातच दिसते. शॉच्या नाटकात एलायझाला असं स्वगत नाही. 'माय फेअर लेडी'त मात्र याच जागी तिला एक गाणं आहे. त्यात ती हिगिन्सची खाशी जिरवते, थेट राजाच्या हुकमाने त्याला गोळ्या घालण्यापर्यंत तिची कल्पना धावते. पुलंनी या जागी गाणं न घालता लयीत चालणारं, यमकं साधणारं बोलणं लिहिलं. पुलं स्वतः पेटी वाजवणारे, चाली बांधणारे. त्यामुळे त्यांच्या नायिकेला चाल नसलेलं गाणंच म्हणावं लागतं. सम कुठे येते, कुठे शब्द ओढायचा, कुठे श्वास चोरायचा, हे सगळं तबल्याच्या आधाराशिवाय तिला एकटीने सांभाळायचं असतं. गॅदरिंगमध्ये पाठ करून धडाधडा म्हणणाऱ्या मुली बहुतेक वेळा इथेच घसरतात. त्यांचा राग खरा असतो, पण लय सुटलेली असते.

भक्ती बर्वे यांच्याकडे लय होती, आणि त्याहून दुर्मीळ अशी एक गोष्ट होती. त्यांचं प्रमाण मराठी अत्यंत स्वच्छ होतं. सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीवर त्या लहानपणी घडल्या आणि पुढे आकाशवाणीवर आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या देऊ लागल्या. घराघरांत संध्याकाळी ऐकू येणारा तो नेटका, तोलून मापून बोलणारा आवाज तोच. मंजुळेचा प्रवास गल्लीतून दिवाणखान्याकडे होतो. भक्तीताईंना उलट दिशेने चालत जावं लागलं. आधी गल्ली कमवायची, मग ती प्रेक्षकांसमोर एकेक अक्षर सोडत जायची, आणि शेवटी स्वतःच्या मूळ वाणीशी यायचं. तेही असं की ती वाणी आपली नाही, मंजुळेने घाम गाळून मिळवलेली आहे, हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे.

हे काम तोंडात नेमकं कुठे होतं ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. 'पाणी' म्हणताना जिभेचं टोक वळून टाळूकडे जातं. 'पानी' म्हणताना ते वरच्या दातांमागे टेकतं आणि मोकळं होतं. बोटाच्या पेराएवढं अंतर, पण ऐकणारा त्यावरून माणसाची शाळा, पेठ आणि बापाचा धंदा ताडतो. ज्या मुलीने आयुष्यभर 'न' म्हटला आहे तिला 'ण' शिकवला की ती आधी नको तिथेही 'ण' लावते. मग काही दिवस शब्दाच्या अलीकडे क्षणभर अडखळते. मग तो बरोबर येतो, पण जरा जास्तच ठणठणीत येतो. या तीनही पायऱ्या अभिनेत्रीला दाखवाव्या लागतात आणि त्या वेगवेगळ्या प्रवेशांत वाटून द्याव्या लागतात. पहिल्या अंकात चुकून एखादा 'ण' स्वच्छ पडला तर पुढची सगळी मेहनत पोकळ वाटते. तिसऱ्या अंकात रागाच्या भरात एक 'न' निसटला, आणि तो हिशेबाने निसटला असेल, तर प्रेक्षागृह हळहळतं.

शॉच्या नाटकात एक चहापानाचा प्रवेश आहे. एलायझा प्रथमच बड्या लोकांत बसते. उच्चार निर्दोष, बसणं-उठणं निर्दोष, पण बोलायला विषय मात्र तिच्या गल्लीतलेच. आत्या कशी मेली, बापाने तिच्या घशात दारू कशी ओतली, हे सगळं ती अत्यंत सुसंस्कृत आवाजात सांगते. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांच्या पोटात कालवतं. या भूमिकेतला सगळ्यात अवघड भाग हाच. स्वगतात अभिनेत्रीला मोकळं सुटायला मिळतं. चहापानात तिला एकाच वेळी दोन आवाज सांभाळायचे असतात. वरचा आवाज प्राध्यापकाचा, खालचा तिचा स्वतःचा, आणि दोन्ही प्रेक्षकाला एकदम ऐकू आले पाहिजेत. 1914 मध्ये लंडनला ही भूमिका केलेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा 49 वर्षांच्या होत्या आणि वठवायची होती विशीच्या आतबाहेरची मुलगी. त्यांच्या तोंडच्या एका ग्राम्य शब्दावर थिएटरात जो हास्यकल्लोळ उठला त्याची चर्चा वृत्तपत्रांनी पुढे कितीतरी दिवस चालवली.

संगीतिकेत या सगळ्यावर गाणं चढतं, आणि मग भूमिकेचा भार दुप्पट होतो.

'माय फेअर लेडी'ची पहिली एलायझा ज्युली अँड्र्यूज. 15 मार्च 1956 रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती. लहानपणापासून गात आलेली, चार सप्तकं लीलया फिरणाऱ्या गळ्याची म्हणून नावाजलेली. पण तालमीत ती अडली. गाणी उत्तम व्हायची, गद्य कोरडं पडायचं. समोर रेक्स हॅरिसनसारखा मुरलेला नट, आणि त्याची नाराजी लपत नव्हती. दिग्दर्शक मॉस हार्टने तेव्हा बाकी सगळ्या कंपनीला सुट्टी दिली आणि शनिवार-रविवारचे दोन दिवस फक्त ज्युलीला घेऊन बसला. ओळ न् ओळ करून घेतली, रागावला, चिडवलं, स्वतः करून दाखवलं. आपली एलायझा त्या दोन दिवसांत घडली असं ती पुढे आत्मचरित्रात सांगते. दुसरी गंमत अशी की ज्युली इंग्रज असूनही तिला लंडनच्या गल्लीतली कॉकनी येत नव्हती. ती तिला न्यूयॉर्कमध्ये एका अमेरिकन उच्चारतज्ज्ञाकडून शिकावी लागली. भक्तीताईंना जे करावं लागलं तेच तिलाही चुकलं नाही.

ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात. एलायझाने सुरुवातीचे प्रवेश घसा खरवडून ओरडत करायचे, लगेच खालच्या पट्टीत चिडून गायचं आणि थोड्याच वेळात आनंदाने बेभान होऊन वरच्या सुरांवर तरंगायचं. कोणताही गायनगुरू शिष्येला हे करू देणार नाही. ओरडलेल्या गळ्यावर वरचा षड्ज लावणं म्हणजे गळ्याशी वैर. ज्युलीने न्यूयॉर्क आणि लंडन मिळून सुमारे साडेतीन वर्षं हे केलं. चित्रपट निघाला तेव्हा निर्मात्याने तिला बाजूला ठेवून ऑड्री हेपबर्नला घेतलं, आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या पार्श्वगायिकेच्या आवाजात भरली. पडद्यावर हे चालून जातं, त्यात कमीपणाही नाही. पण बोलणारा गळा एकाचा आणि गाणारा दुसऱ्याचा झाला की एलायझाच्या भूमिकेचा गाभाच दुभंगतो. रंगमंचावर ही सोय नाही. तिथे शिव्या देणारीनेच गायचं असतं.

मराठीत ही गोष्ट पुलंच्या आधी एकदा संगीत नाटक होऊन गेली होती, आणि या भागात आज तिची आठवण फारशी निघत नाही. विद्याधर गोखले यांचं 'संगीत स्वरसम्राज्ञी' सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'मराठी रंगभूमी' या संस्थेने आणलं. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी 1949 मध्ये पुण्यात सुरू केलेली ही संस्था. नायिका मैनाराणी, आणि ती भूमिका केली त्यांच्या कन्येने, कीर्ती शिलेदार यांनी. 1952 चा जन्म धरला तर त्यांनी नुकती विशी गाठलेली होती.

गोखल्यांनी एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. उच्चारांचा प्रश्न त्यांनी गाण्यावर नेला. त्यांची नायिका तमाशातली आहे, आणि तिला शास्त्रीय संगीताची गायिका करून दाखवण्याचा पण आहे. इंग्रजीत जी भिंत बोलीची आहे ती इथे लावणी आणि ख्याल यांच्यामध्ये उभी राहते. महाराष्ट्रात ती भिंत खरी होती. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तमाशाचे फड गावोगावी हिंडले, जत्रेत लोकांनी रात्र रात्र जागून लावणी ऐकली. त्याच वेळी वडूजच्या शेजारी औंधला पंतप्रतिनिधींच्या आश्रयाला ग्वाल्हेर गायकीचे बुवा होते. मैलांत मोजलं तर दोन्ही गाणी शेजारी शेजारी नांदत होती. पण एका गाण्याच्या बाईला दुसऱ्या बैठकीत जागा नव्हती.

मैनाराणी करणाऱ्या नटीला आधी लावणीच गाऊन दाखवायची आहे, तीही ढोलकीच्या ठेक्यावर, उघड्या गळ्याने, शब्द पुढे फेकत, शेवटच्या रांगेतल्या फेटेवाल्याला उद्देशून. लावणीत आवाज छातीतून येतो आणि ओठांवर खेळतो, अदा आधी आणि आलाप नंतर. ख्यालात स्वर आत धरायचा असतो. आकार स्थिर ठेवायचा, मींड तुटू द्यायची नाही, शब्दाला स्वराच्या मागे चालवायचं. शिकलेल्या गायिकेला ख्याल गाणं सोपं आणि न शिकलेल्यासारखं गाणं महाकठीण. तालमीत तयार झालेला गळा आपोआप सुरेल जागा घेतो, मुरकी नेमकी पडते, सम चुकत नाही. कीर्तीताईंना पहिल्या अंकात हे सगळं झाकून ठेवायचं होतं. तेही बेसूर न होता, कारण मैनाचा सूर कच्चा नाही, तिची घडण वेगळी आहे. मग शिक्षण सुरू झाल्यावर एकेक जागा उलगडायची आणि शेवटी मैफलीच्या दर्जाचं गाणं उभं करायचं. नाटकाला संगीत नीलकंठबुवा अभ्यंकरांचं होतं. कीर्तीताई त्यांच्याकडेच शिकल्या, त्यामुळे रंगमंचावरच्या शिष्येमागे खऱ्या आयुष्यातलं शिष्यत्व होतं.

माझ्या मते मराठीतल्या या दोन नायिकांत मैनाराणी जास्त अवघड. मंजुळेची चूक कानाला लगेच कळते आणि तिच्यावर हशा येतो. तो हशा नटीला बळ देतो. मैनाराणीची प्रगती सूक्ष्म आहे. ती प्रेक्षकाच्या कानाला कळली नाही तर नाटकच कळत नाही, आणि कळली तर टाळी उशिरा, गाणं संपल्यावर येते. तोवर नायिकेने कशाच्या आधारावर उभं राहायचं?

संगीत नाटकाच्या नायिकेचा खरा कस इथेच लागतो. पद सुरू होण्याआधी ती कोणाशी तरी बोलत असते, भांडत असते, रुसलेली असते. समोर खाली ऑर्गनवाला आणि तबलजी बसलेले. ऑर्गनने सूर दिला की तिला बोलण्याची पट्टी सोडून गाण्याच्या पट्टीत शिरायचं असतं, पण मनातला रुसवा तसाच ठेवून. पद रंगलं की प्रेक्षक वन्स मोअर देतात. तेच पद पुन्हा, नव्या जागा घेत. सहा-सात मिनिटांनी ते संपतं आणि त्या क्षणी तिला मागच्या वाक्याचं भांडण जिथे सोडलं तिथून उचलायचं असतं, जणू मध्ये काही झालंच नाही. समोरचा नट एवढा वेळ नुसता उभा असतो, त्याच्यावरची नजर तिने गातानाही सोडायची नाही. ज्या गायिकांना हे जमलं नाही त्यांची नाटकं मैफली झाल्या. ज्या नटींचा गळा कमी पडला त्यांना ही नाटकं पेललीच नाहीत.

हे सगळं तंत्र ज्या मातीत घडलं ती कृष्णाकाठची. सांगलीत 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांची 'शारदा' 1899 ची, म्हाताऱ्याशी लग्न लावून द्यायला काढलेल्या कोवळ्या मुलीची कैफियत. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या 'मानापमान'ची भामिनी 1911 ची, 'स्वयंवर'ची रुक्मिणी 1916 ची. एवढ्या मोठ्या नायिका एका जिल्ह्यातल्या लेखण्यांनी दिल्या, आणि त्या पहिल्यांदा वठवल्या पुरुषांनी. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. किर्लोस्कर मंडळीत त्यांचं पदार्पण झालं ते 1905 साली मिरजेत, शकुंतला म्हणून. त्यांनी साडी नेसण्याची, वळण्याची, लाजण्याची जी रीत घालून दिली ती घरंदाज बायकांनी उचलली, असं त्या काळाचे सगळे साक्षीदार सांगतात.

मग स्त्री या भूमिकांत आली तेव्हा तिला दोन गोष्टींशी सामना करावा लागला. नाटकात काम करणारी बाई म्हणजे कोण, याविषयी समाजाचं मत ठरलेलं होतं. आणि भामिनी, सुभद्रा, रुक्मिणी कशा दिसाव्या-गाव्या याविषयी प्रेक्षकाचं मतही ठरलेलं होतं. ते एका पुरुषाने ठरवलं होतं. मिरजेत 1905 मध्ये जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांनी या दोन्ही अडचणी अंगावर घेतल्या. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ही मुलगी. बालगंधर्व स्वतः रंगमंचावर असतानाच तिने आणि तिच्या भावंडांनी 'नूतन संगीत नाटक मंडळी' काढली, 'सौभद्र'सारखी नाटकं केली. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी, तीही सन्मानाने आणि तिकीट लावून, हा आग्रह त्यामागे होता. मंडळी कर्जामुळे काही वर्षांतच बंद पडली. हिराबाई मैफलींकडे वळल्या आणि पुढे पद्मभूषण झाल्या. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली होती. पुरुषांच्या गळ्यासाठी बांधलेली ती पदं स्त्रीच्या पट्टीत, काळी चार-पाचमध्ये नेली तरी त्यांचा भाव कमी होत नाही. काही ठिकाणी तो वाढतो, कारण गाणारीचं दुःख उसनं राहत नाही.

जयमाला शिलेदार पुढे आल्या त्या याच वाटेने, आणि कीर्ती त्यांच्या मागोमाग. जयमालाबाईंना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. कीर्तीताई 2018 मध्ये मुंबईत मुलुंडला भरलेल्या 98 व्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. 22 जानेवारी 2022 रोजी त्यांचं निधन झालं. संगीत नाटकाला प्रेक्षक नाही असं म्हणण्याची रीत पडलेल्या काळात या घराने ती नाटकं गावोगाव नेली, तरुणांसाठी शिबिरं घेतली. त्यांच्यानंतर एवढ्या निष्ठेने नायिकेची ही गायकी चालवणारं दुसरं घर निदान आज तरी दिसत नाही.

भक्ती बर्वे यांचं आयुष्य मंजुळेपुरतं नव्हतं. 'अजब न्याय वर्तुळाचा', 'आई रिटायर होतेय', 'गांधी विरुद्ध गांधी' ही त्यांची नाटकं, दूरदर्शनसाठी केलेली बहिणाबाई, 'जाने भी दो यारो'तली धूर्त संपादिका, असा मोठा पल्ला त्यांनी गाठला. 1990 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी लोक भेटले की मंजुळेविषयीच बोलत. एखादी भूमिका एवढी चिकटली की पुष्कळ कलावंत तिच्यापासून पळतात. भक्तीताईंनी तिच्याकडे तोंड केलं. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम त्यांनी बांधला आणि ती भूमिका कशी मिळाली, कशी घडली, हे त्या प्रेक्षकांसमोर उलगडू लागल्या. भूमिका करणं आणि ती कशी केली ते लोकांपुढे उकलून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं करायला कलावंताला आपल्या कारागिरीवर मोठा भरवसा लागतो.

जून 2000 मध्ये पुलं गेले. त्यानंतर आठ महिन्यांनी, फेब्रुवारी 2001 मध्ये, भक्तीताई याच कार्यक्रमासाठी वाईला आल्या होत्या. तो आटोपून मुंबईला परतताना 12 फेब्रुवारीला द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वय बावन्न.

मंजुळा मात्र थांबली नाही. प्रिया तेंडुलकर, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा अभिनेत्रींनी वेगवेगळ्या काळात ती केली. 2023 मध्ये 'फुलराणी' नावाने चित्रपटही आला, त्यात ही भूमिका प्रियदर्शिनी इंदलकर यांनी केली. भक्तीताईंच्या स्वगताचं चित्रण आज मोबाइलवर सापडतं आणि स्पर्धेला उतरणारी मुलगी ते पाहूनच तयारी करते. त्याने फायदा होतो तसं नुकसानही होतं. मुली भक्ती बर्वे यांचा श्वास, त्यांचा हात, त्यांचं थांबणं उचलतात. पण मंजुळेची बोली भक्तीताईंनी बाहेरून कमावली होती. वडूजच्या मुलीकडे तिची बोली घरातच आहे. तिने आधी आपल्या आजीच्या तोंडचा 'न' कान देऊन ऐकावा, मग मंजुळेला हात घालावा. जमलं तर स्वगताबरोबर चहापानाचा प्रवेशही करून बघावा. तो करायला चार माणसं लागतात, टाळ्या कमी पडतात, पण नटी तिथे घडते.

आणि एक विनंती वाचकांना. भक्ती बर्वे यांची मंजुळा, कीर्ती शिलेदारांची मैनाराणी प्रत्यक्ष पाहिलेले प्रेक्षक आज साठी-सत्तरीत आहेत. साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा मुंबई-पुण्यात तुम्ही हे प्रयोग पाहिले असतील तर कोणता प्रवेश, कोणतं पद, कुठे वन्स मोअर आला, नटीने कुठे श्वास घेतला, जेवढं आठवतं तेवढं एका वहीत लिहून काढा आणि जवळच्या कॉलेजच्या मराठी विभागात नेऊन द्या. नव्या मंजुळांना त्याचा उपयोग होईल.